भुईमुगाचे देणे

भुईमूग आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणला, मिरची पोर्तुगिजांनी आणली, बटाटाही त्यांनीच आणला. शाळेच्या पुस्तकापासून दिवाळी अंकापर्यंत ही वाक्ये सगळीकडे भेटतात. ती खोटी नाहीत. पण जहाजात पोते चढवणाऱ्याचे नाव लक्षात ठेवायचे आणि पोत्यातला दाणा ज्यांनी घडवला त्यांचा साधा उल्लेखही करायचा नाही, याचा मला फार राग येतो. भुईमूग, मका, बटाटा, घेवडा, रताळे, मिरची, राजगिरा ही पिके ज्यांनी रानातून शेतात आणली, ती माणसे मेक्सिकोच्या डोंगरांत, अँडीजच्या उतारांवर आणि ॲमेझॉनच्या काठी राहत होती. त्यांचे वंशज आजही तिथे शेती करतात. त्यांचे आपल्याकडे देणे निघते. देणे हा शब्द मी रोख हिशेबाच्या अर्थानेच वापरते आहे.

नोकरीत मी भुईमुगाची पैदासकार होते. कराडकडच्या शेतकरी घरात वाढल्यामुळे हे पीक आधी हाताखालून गेले आणि मग अभ्यासात आले. आमच्याकडे ‘कराड ४-११’ हा पसऱ्या वाण असे. पुढे लवकर निघणारे उपट्या वाण आले. जळगावच्या ‘जेएल २४’ने, म्हणजे ‘फुले प्रगती’ने, शिवारेच्या शिवारे व्यापली. दाणा चांगला, उतारा चांगला, पण पावसाळी हवेत टिक्का आणि तांबेरा पडला की काही खरे नसे. पानांवर काळे ठिपके, पानाखाली नारिंगी भुकटी, आणि पंधरवड्यात पाला झडून नुसत्या काड्या. खरे नुकसान काढणीला कळायचे. शेंगांना धरून ठेवणाऱ्या आऱ्या कुजलेल्या असल्याने झाड उपटले की ते रिकामेच हातात यायचे आणि शेंगा जमिनीतच राहायच्या. मग बायका खुरप्याने माती उकरत बसत. माझी आई त्यांच्यात असे.

या रोगांना दाद न देणारा वाण हवा, तर तो गुण आधी कुठल्या तरी भुईमुगात सापडायला हवा. लागवडीच्या भुईमुगात तो शोधायला गेले की थोडाफार मिळे, पण त्याच्याबरोबर जाड टरफल आणि कमी उतारा येई. जगभर हजारो वाण असूनही हे पीक आतून इतके गरीब का, याचे उत्तर त्याच्या जन्मकथेत आहे.

भुईमुगाच्या कुळात ऐंशीच्या वर जाती आहेत आणि त्या सगळ्या दक्षिण अमेरिकेच्या. ब्राझील, बोलिव्हिया, पॅराग्वे, अर्जेंटिना, उरुग्वे या देशांबाहेर रानात त्या कुठेच उगवत नाहीत. बहुतेक रानजातींमध्ये २० गुणसूत्रे असतात. आपल्या भुईमुगात ४०. कारण आपला भुईमूग दोन रानजातींच्या संकरातून आला. एक ‘ड्युरानेन्सिस’, ती वायव्य अर्जेंटिना आणि दक्षिण बोलिव्हियात बऱ्यापैकी पसरलेली. दुसरी ‘इपाएन्सिस’. ही दुसरी जात वनस्पतिशास्त्रज्ञांना दक्षिण बोलिव्हियातल्या एकाच जागी मिळाली. तिचे जवळचे भाऊबंद तिथून शेकडो किलोमीटर उत्तरेला.

इथे भुईमुगाचा स्वभाव आठवावा लागतो. फूल वर येते, फळल्यावर आरी खाली वाकते, जमिनीत शिरते आणि शेंग तिथेच भरते. वारा तिला उडवत नाही, पाखरू तिला नेत नाही. रानातला भुईमूग वर्षाला फार तर हातभर सरकतो. ओढ्याला पूर आला तर खालच्या अंगाला थोडा वाहून जातो. मग ‘इपाएन्सिस’ आपले गणगोत सोडून इतक्या दूर दक्षिणेला कशी पोहोचली? २०१६ साली दोन्ही रानजातींचे जनुकीय वाचन प्रसिद्ध झाले, त्यात हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेचाही वाटा होता. त्यातून निघालेले उत्तर मला अजूनही थक्क करते. ती माणसांनी नेली. साधारण नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी कुणी तरी रानातल्या शेंगा सोबत बांधून घेतल्या आणि दुसऱ्या जातीच्या शेजारी पेरल्या. पुढचे काम मधमाशीने केले. संकराची गुणसूत्रे दुप्पट झाली आणि एक नवी वनस्पती उभी राहिली. ती आपल्या दोन्ही आईबापांशी सहजी संकरित होत नव्हती, म्हणून कायमची वेगळी पडली. सगळ्या जगाचा भुईमूग त्या अवघ्या एक-दोन झाडांचा वंश आहे. म्हणून तो आतून गरीब.

पण घडवणाऱ्यांची करामत इथे संपत नाही, इथे ती सुरू होते. रानभुईमुगाच्या शेंगेत दोन दाणे असले, तरी त्यांच्यामध्ये लांब बारीक दोरा असतो. प्रत्येक दाणा आपल्या वेगळ्या टरफलात बसतो आणि ओढले की दोरा तुटतो. असली शेंग काढायची म्हणजे माती चाळायची. आपण झाड उपटतो आणि शेंगांचा घोस वर येतो, हे कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या निवड केल्याशिवाय झालेले नाही. जी शेंग अखंड निघाली ती बियाण्याला, जी मातीत राहिली ती राहिली. पेरूच्या उत्तरेला न्यांचोक खोऱ्यात भुईमुगाची सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीची टरफले सापडली. ते खोरे अँडीजच्या पलीकडच्या अंगाला. रानातला भुईमूग तिथे उगवत नाही. म्हणजे इतक्या जुन्या काळी लोक तो पर्वत ओलांडून नेत होते. पुढे त्याच किनाऱ्यावर मोचे लोकांची राज्ये झाली. १९८७ मध्ये वॉल्टर आल्वा यांनी सिपानच्या राजाचे थडगे उघडले, तेव्हा राजाच्या गळ्यात भुईमुगाच्या शेंगांची माळ होती, एका बाजूला सोन्याच्या शेंगा, दुसऱ्या बाजूला चांदीच्या. आज ती लांबायेकेच्या संग्रहालयात आहे. ज्यांनी शेंगेला दागिन्याचा मान दिला, त्यांना ती कुणाची निर्मिती आहे हे पक्के ठाऊक असणार.

आता टिक्का-तांबेऱ्याकडे परत येते. १९६०च्या सुमारास वॉल्टन ग्रेगरी, अंतोनियो क्रापोविकास आणि पिएत्रारेल्ली या तिघांनी दक्षिण अमेरिकेत हिंडून रानभुईमूग गोळा केले. बोलिव्हियाच्या पूर्वेला रोबोरे परिसरातून त्यांनी एक जात आणली. बोलिव्हियाचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ मार्तिन कार्देनास यांच्यावरून तिचे नाव ‘कार्डेनासी’ पडले. २० गुणसूत्रांची ही जात ४०च्या भुईमुगाशी जुळवणे हे किचकट काम. संकर वांझ निघतो, मग कोल्चिसिन हे रसायन लावून गुणसूत्रे दुप्पट करायची, ६० झाली की पुढच्या पिढ्यांत ती परत ४० वर येईपर्यंत वाट पाहायची. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात हे काम झाले, त्याचे दाणे पुढे पतंचेरूच्या इक्रिसॅटमध्ये आले, आणि तिथल्या वाणावरून धारवाडच्या कृषी विद्यापीठाने ‘जीपीबीडी ४’ तयार केला. सीमाभागात हा वाण मी टिक्क्याच्या ऐन दिवसांत हिरवागार उभा पाहिला आहे. फवारणी वाचली, पाला जनावरांना मिळाला, शेंगा जमिनीत राहिल्या नाहीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवून दिले की त्या एकाच रानझाडाचे जनुक आज आशिया, आफ्रिका, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या वाणांमध्ये आहेत.

हे सगळे एका झाडाच्या जोरावर. बोलिव्हियाला काय मिळाले? काही नाही. २०१९ मध्ये याच रोबोरे परिसरात आणि सगळ्या चिकितानिया भागात जबर वणवे लागले. सोयाबीन आणि गुरांच्या कुरणांसाठी तिथले रान वर्षानुवर्षे कापले जाते आहे. त्या रानात भुईमुगाचे आणखी कोणते गुण आहेत हे कळायच्या आधीच ते जळून जाऊ शकतात, आणि ते वाचवायला लागणारा पैसा तिथल्या चिकितानो गावांकडे नाही. ‘जीपीबीडी ४’ पेरणाऱ्या माझ्या शेतकऱ्याला ही बातमी सातासमुद्रापलीकडची वाटते. त्याच्या शेतातल्या झाडाचे आजोळ जळते आहे.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो. प्रत्येक पीक कुठून तरी आलेच आहे. आपणही जगाला मिरे दिले, वांगे दिले, हळद दिली. दहा हजार वर्षांपूर्वीच्या कामाची रॉयल्टी कोण मागतो? आक्षेप ऐकायला ठीक आहे, पण त्यात एक गोष्ट चुकते. ते काम दहा हजार वर्षांपूर्वी संपलेले नाही. मक्याचे उदाहरण घ्या.

आपल्याकडे दुभत्या जनावरांसाठी मकचरी लावतात. भरपूर फुटवे, लुसलुशीत पाला, आणि कणसाच्या नावाने जवळजवळ काही नाही. दगडासारख्या कवचातले पाच-दहा दाणे, पिकले की गळून पडणारे. ही मक्याची चुलत बहीण आहे. मेक्सिकोत या गवताला तेओसिंते म्हणतात, आणि नैऋत्य मेक्सिकोत बाल्सास नदीच्या खोऱ्यात उगवणाऱ्या त्याच्या एका प्रकारातून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मका घडला. तिथल्या एका कातळनिवाऱ्यात, शिवातोश्तला इथे, ८,७०० वर्षांपूर्वीच्या दगडी पाट्यांवर मक्याच्या पिठाचे कण सापडले आहेत.

अशा गवतातून मका घडला हे इतके अविश्वसनीय होते की विसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांनाही पटेना. हार्वर्डचे पॉल मँगल्सडॉर्फ अखेरपर्यंत म्हणत राहिले की मक्याचा खरा पूर्वज कुठला तरी लुप्त झालेला रानमका असणार. जॉर्ज बीडल यांनी १९३९ मध्येच तेओसिंतेची बाजू घेतली होती. पुढे त्यांना दुसऱ्याच कामासाठी नोबेल मिळाले, ते शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा मक्याकडे वळले. मका आणि तेओसिंते यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीची सुमारे ५०,००० झाडे त्यांनी मेक्सिकोत वाढवली आणि त्यातली आजीआजोबांसारखी किती निघतात ते मोजले. पाचशेत साधारण एक मक्यासारखे, एक तेओसिंतेसारखे. याचा अर्थ फरक करणारे मुख्य जनुक चार-पाचच. त्यातला एक जनुक फुटवे थांबवून झाडाला एकदांडी करतो, दुसरा दाण्याचे दगडी कवच काढून घेतो. ते पुढे जॉन डोबली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. मला या हिशेबात दिसते ते असे. बाल्सासच्या खोऱ्यातल्या बाया-माणसांनी, कुठलेही शास्त्र लिहून न ठेवता, हजारो झाडांतून कवच उघडे पडलेले एक झाड ओळखले आणि त्याचे दाणे वेगळे ठेवले. पैदासकार म्हणून मी जे केले तेच हे काम. त्यांनी ते माझ्यापेक्षा कितीतरी अवघड परिस्थितीत केले.

आणि नुसते बी घडवले असे नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, सालपट चोळून काढून मग वाटायचा, ही रीतही त्यांचीच. त्याला निश्तमाल म्हणतात. त्याने मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला लागते. युरोपियनांनी मका नेला, रीत नेली नाही. अठराव्या शतकात स्पेनच्या आस्तुरियासमध्ये, मग उत्तर इटलीत, पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत, मक्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांना नायसिनअभावी पेलाग्रा हा रोग झाला. कातडी सोलवटली, माणसे भ्रमिष्ट होऊन मेली. मेक्सिकोत मका हजारो वर्षे रोजचे अन्न होता, तिथे हे झाले नाही. कडू कसाव्याचे तसेच; त्यात सायनाइड असते, आणि ते किसून, पिळून, भाजून घालवण्याचे तंत्र ॲमेझॉनच्या लोकांनी बसवले. आपला साबुदाणा त्याच कंदाचा. आषाढी एकादशीच्या ताटात साबुदाणा, दाण्याचे कूट, बटाटा, हिरवी मिरची, रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू असतो, म्हणजे ते जवळजवळ पूर्ण ताट त्या खंडाचे आहे. मेक्सिकोत राजगिऱ्याच्या पिठात पाक मिसळून देवांच्या मूर्ती करत आणि त्यांचा प्रसाद वाटत, हे तिथे गेलेल्या साहागुन या पाद्र्याने सोळाव्या शतकात लिहून ठेवले आहे. मूर्तिपूजा म्हणून मिशनऱ्यांनी त्यावर डोळा ठेवला आणि ते पीक तिथे मागे पडले. आपल्याकडे ते उपासाला चालते. त्याला देव्हाऱ्याजवळची जागा पुन्हा मिळाली, याचे मला समाधान वाटते.

मी म्हटले की काम संपलेले नाही. मेक्सिकोत मक्याचे साठाच्या आसपास देशी वंश आजही शेतकऱ्यांच्या शेतात आहेत. दर हंगामाला घरची बाई कणसे निवडते, बांधून ठेवते, शेजारणीशी अदलाबदल करते. ओआहाका राज्यात मिहे लोकांच्या डोंगरांत तोतोन्तेपेक नावाचे गाव आहे. तिथला मका पाच मीटरच्या वर जातो आणि त्याच्या खोडावरच्या मुळ्यांतून चिकट रस गळतो. त्या रसात जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला देतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापानुसार झाडाच्या गरजेच्या २९ ते ८२ टक्के. युरियाच्या गोण्यांसाठी रांगेत उभे राहणाऱ्या कुणालाही याची किंमत सांगायला नको. हा गुण कुठल्याही प्रयोगशाळेत तयार झाला नाही, त्या गावाने तो शेतात जपला. इथे मात्र संशोधकांनी आणि त्यांच्यासोबतच्या एका कंपनीने गावाशी लाभवाटपाचा करार केला. शेजारच्या ज्या गावांत तसाच मका असेल त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. तरी सुरुवात झाली.

उलट उदाहरणही आहे. १९९४ मध्ये एका अमेरिकन बियाणे व्यावसायिकाने मेक्सिकोच्या बाजारातून पिवळा घेवडा नेला आणि १९९९ मध्ये त्यावर पेटंट मिळवले. मग मेक्सिकोतून येणाऱ्या पिवळ्या घेवड्यावर पौंडामागे पैसे मागायला सुरुवात झाली. ज्यांनी घेवडा घडवला त्यांनीच तो विकायला परवानगी घ्यायची! कोलंबियातल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी केंद्राने आव्हान दिले. पेटंट रद्द व्हायला २००८ उजाडले, न्यायालयाचे शिक्कामोर्तब २००९ मध्ये झाले. हळदीचे पेटंट डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली १९९७ मध्ये उलथवले गेले तेव्हा आपण साऱ्यांनी अभिमानाने मान वर केली होती. तेव्हा आपल्याला जो न्याय हवा होता, तोच मेक्सिकोला हवा आहे. आमच्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा मला आनंद आहे; तोही त्याच जातीचा, मेक्सिको आणि अँडीजमध्ये घडलेला.

या अन्यायांवर उपाय म्हणून देशांनी आपापली दारे लावून घेतली. जनुकीय संपत्तीच्या लाभवाटपाच्या नागोया करारानंतर परवानग्यांची जंत्री इतकी वाढली की रानभुईमुगाचे नवे नमुने मिळणे जवळपास थांबले. मला हे मान्य नाही. कार्डेनासीचे दाणे देशोदेशी मोकळेपणाने फिरले नसते, तर टिक्का अजून आमची शेते खात असता. दार लावल्याने रोबोरेच्या रानाचाही फायदा झालेला नाही. ते बंद दाराआड जळते आहे. देवाणघेवाण मोकळी हवी आणि पैसे देणे सक्तीचे हवे. या दोन्ही गोष्टी एकत्र होऊ शकतात.

त्यासाठीचा मार्ग आहे. पिकांच्या जनुकीय संपत्तीचा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये रोमला झाला. सभासद देशांनी ठरावीक पिकांचे नमुने एकमेकांना द्यावेत आणि लाभातला वाटा सामायिक निधीत जावा, अशी त्याची रचना. पण यादी ठरली तेव्हा मका, बटाटा, घेवडा आत आले आणि भुईमूग बाहेर राहिला. टोमॅटोही बाहेर. निधीतही प्रामुख्याने सरकारांनी स्वेच्छेने दिलेलाच पैसा येतो. नॉर्वे २००८ पासून आपल्या देशातल्या बियाणे विक्रीच्या ०.१ टक्का रक्कम देतो. नॉर्वेत काय पिकते, हे वेगळे सांगायला नको.

चीनच्या खालोखाल जगात सर्वाधिक भुईमूग पिकवणारा देश आपला आहे. भुईमूग त्या यादीत घ्या आणि बियाणे कंपन्यांचा वाटा ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करा, ही मागणी भारतानेच लावून धरायला हवी. नॉर्वेचाच दर धरला तर बियाण्याच्या विक्रीतल्या हजारामागे एक रुपया होतो. शेतकऱ्याला तो जाणवणारही नाही. त्या निधीतून पहिला पैसा चिकितानियातल्या गावांना जावा, त्यांचे रान वणव्यापासून राखायला. आणि आपल्या कृषी विद्यापीठांनी वाणाची माहितीपत्रिका छापताना, जिथे आज फक्त संकराचे आकडे आणि संस्थांची नावे असतात, तिथे मूळ रानजात कुठून आली त्या गावाचे नाव छापावे. त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. येत्या खरिपाच्या पत्रिकेतही ते करता येईल.